दुखवट्याची टोपी

।। श्री मारुती प्रसन्न ।।

एकलहरे कॉलनी, नाशिक
शनिवार, १२ सप्टेंबर २००९

ती. सौ. नवसाआक्का हिस,
मोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

आज पहाटे पाचला उठलो. तोंड धुतलं, कॅनव्हासचे बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि ओट्यावर येऊन बसलो. समोरच्या मैदानावर कोणी नव्हतं. वीजकेंद्राच्या टॉवरची वाफ सरळ वर जात होती. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, ऊन पायरीवर आलं, तेव्हा नाड्या सोडल्या आणि बूट पलंगाखाली सरकवले. काल हेच केलं, परवाही हेच.

भिमाजी गेल्याचं दाजींना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी तुझ्या कानाशी ओरडून सांगितलं असेलच. तुला फोनवर नुसती घरघर ऐकू येते म्हणून लिहायला बसलो, नाहीतर पेन हातात धरावंसं वाटत नाही.

भिमाजी तुला आठवत असेल. माझ्याबरोबर कोळसा विभागात होता. तुझ्या मळ्यावर आला तेव्हा शेवंतीच्या वाफ्यात पडला आणि फुलांची माफी मागत उठला, तोच. कॉलनीला पहाटेच्या फिरण्याचा आणि व्यायामाचा नाद त्यानेच लावला. रोज आमच्या फाटकाची कडी वाजवायचा, दोनदा हळू आणि एकदा जोरात. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. सगळी मंडळी गोळा झाली की मैदानाला फेऱ्या, बैठका, सूर्यनमस्कार, आणि शेवटी नदीकडच्या मारुतीपर्यंत चालत. शनिवारी मी देवाला रुईच्या पानांची माळ घालायचो. हा बाहेर उभा राहून म्हणायचा की, मोतीराव, या देवाने जन्मभर व्यायाम केला आणि लग्न केलं नाही, आपण बरोबर उलटं करून बसलो.

ऑगस्टात त्याला ताप आला. स्वाइन फ्लू निघाला. दवाखान्यातून तो घरी आलाच नाही, प्लॅस्टिकात गुंडाळून परस्पर नेला. मी त्याच्याबरोबर फिरणारा, म्हणून मला गोळ्या देऊन घरात बसवलं होतं. तोंड पाहिलं नाही, खांदा दिला नाही, गोदाकाठी गंगेवर दहाव्यालाही गेलो नाही.

आता कामावर जातो. जेवतो, झोपतो. कॉलनीतल्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, घोळका करू नका, पण मोकळ्यावर चालायला हरकत नाही. उलट चाला, अंग हलवा, मनाला बरं वाटेल. त्यांचं खरंच असेल. पण माझ्या मनाला वाईट वाटतच नाही, आक्का. ना वाईट, ना बरं. गोधडी डोक्यावर घेतली की बाहेरचं बोलणं कसं येतं, तसं सगळं लांबून येतं. मारुतीचं स्तोत्र रोज म्हणतो. ओठ हलतात, एवढंच.

काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार सांग. तुझी माया आहे तशी माझ्यावर असू दे.

तुझा,
मोतीराम

ता. क. आक्का, मी प्रतिभा. हे नाहीत असं बघून खाली लिहिते आहे. परवा माझ्याकडून आमटीत मीठ घालायचं राहिलं. मी पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं. यांनी वाटीभर संपवली आणि आणखी वाढ म्हणाले. मला त्या रोगाची जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या आमटीची वाटली. काहीतरी सुचवा.


।। श्री ।।

मळा, गिरणारे
ता. १७ सप्टेंबर

चि. मोत्या यास नवसाआक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन तोंडाला फडकं बांधून आला, मी वळखलंच नाय. म्हटलं दरोडेखोर बी आता पत्रं वाटू राहिले का काय. बाजारात सगळ्यांचीच तोंडं बांधलेली. माझे लय हाल झाले रे. कान गेले तवापासून मी लोकांच्या व्हटांकडं बघून बोलणं वळखायची, आता व्हटच झाकून टाकले. गिऱ्हाईक भाव करू राहिलं का शिव्या देऊ राहिलं, मला दोन्ही सारखं. मी आपली मान हलवते. तुझे दाजी गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून हिंडतात. देव्हाऱ्यासारखा वास येतो त्यांचा. आता उदबत्ती लावायची तेवढी बाकी हाय.

झेंडू बरा हाय. पाऊस वेळेवर नाय आला, पर दसऱ्याला फूल सापडंल.

आता तुझं. प्रतिभानं खाली लिहिलेलं वाचलं. तिला रागवू नको, तुझ्यापेक्षा चार अक्षरं शानी हाय ती. मोत्या, तू आजारी नाय. तुझा दुखवटा कुणी काढला नाय, एवढंच झालंय.

बा गेला तवाचं आठव. तू डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. चौदाव्याला मामा आले, तुला नवी टोपी घातली, गुळाचा खडा तोंडात दिला, हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं अन तसंच झेंडूच्या वाफ्यात नेऊन उभं केलं. हातात दुरडी दिली. म्हणाले, तोड. अर्धा वाफा तोडला तू, अन मग जे रडला, फुलं तोडणाऱ्या बायांचे हात थांबले. आपल्यात असंच करतात. दुखवटा काढला की माणसाला घरात बसू देत नाय, लगीच चालवतात, वाकवतात.

सोयऱ्याचा दुखवटा काढायला सोयरे येतात. दोस्ताचा कोण काढणार? त्यात ह्या रोगानं माणूस माणसाजवळ येईना. म्हणून तू उंबऱ्यातच अडकला.

टोपी अन टावेल धाडते. आपल्या काळूचा फुलांचा टेम्पो सकाळचा नाशकात द्वारकेच्या चौकात उभा राहतो, त्याच्याकडून घे. दसऱ्याचा माल गेला की दाजी येतील अन टोपी घालतील. तवर खुंटीला ठेव, आपल्या हातानं घालू नको. आपला दुखवटा आपल्या हातानं निघत नसतो, दुसऱ्याचाच हात लागतो.

प्रतिभाला सांग, मीठ घालत जा, परीक्षा नको घेऊ. तुझ्या पत्राची वाट बघते.

आक्का


।। श्री मारुती प्रसन्न ।।

एकलहरे कॉलनी
२४ सप्टेंबर

ती. आक्का,
शि. सा. न. वि. वि.

टोपी मिळाली. काळू टेम्पोशेजारी उभा होता. मी एकलहऱ्याहून आलो आणि भिमाजीच्या शेजारचा, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. त्याने पिशवी रस्त्याच्या दुभाजकावर ठेवली, मागे सरकला आणि लांबूनच हात केला. मीही लांबूनच केला. मध्ये द्वारकेची सगळी वाहतूक वाहत होती. तू असतीस तर हसली असतीस. मला ते नंतर घरी आल्यावर सुचलं, की हे हसण्यासारखं आहे.

टोपी खुंटीवर आहे.

पहाटेचं तसंच चाललं आहे. आता एक दिसलं, ते सांगतो. समोरच्या ओळीत आमच्याबरोबर फिरणारे दोघे राहतात. एक दिवस नीट पाहिलं तर तेही आपापल्या ओट्यावर बसलेले, पायांत बूट. मी हात केला, त्यांनी केला. उठलं कोणीच नाही. इतकी वर्षं आम्ही कडी वाजली की उठायचो. कडी वाजवायचं काम आपलंही असू शकतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता आलं, तरी हात उठत नाही.

प्रतिभा काल भिमाजीच्या घरी गेली होती. भागुबाईकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. त्यांना मूलबाळ नाही, हे तुला माहीत आहेच. पालिकेची माणसं औषध फवारून गेली तेव्हापासून पुढचं दार बंदच आहे. सुरुवातीला शेजारपाजारचे डबे फाटकावर ठेवत होते, तेही थांबलं. भागुबाई मागच्या दाराने पाणी भरते, मागच्याच दाराने कचरा टाकते. बसून बसून पाय आखडलेत, भिंत धरून चालते. पहाटे पाचला मात्र तिला जाग येते. भिमाजी निघायच्या आधी चहा घ्यायचा, म्हणून ती चहा टाकते. तो झाला की निववते आणि तुळशीच्या मुळाशी ओतते. तुळस करपायला लागली आहे, असं प्रतिभा सांगत होती.

तिचं माहेर सटाण्याकडे. भाऊ दहाव्याला आला नाही. नाशिकहून परतणाऱ्याला गावात घेणार नाही, असं त्याला गावकऱ्यांनी बजावलं होतं म्हणे. दुखवट्याचं लुगडं घेऊन नंतर येतो म्हणाला, ते अजून आलेलं नाही. कॉलनीत सगळ्यांचा समज असा की तिच्या माहेरचे येऊन गेले. माझाही होता.

प्रतिभा म्हणते, तुम्ही एकदा जाऊन या. मी म्हटलं, मी तिचा कोण? ना दीर, ना भाऊ. इथे एकट्या बाईच्या दारात पुरुष उभा राहिला की ओळीतल्या खिडक्या उघडतात. आणि जाऊन बोलू काय? भिमाजीबद्दल बोलायला गेलो तर मला त्याचा चेहराही नीट आठवत नाही. कडी आठवते.

दाजी कधी येतात ते कळव. माझ्या या रडगाण्याला कंटाळू नकोस. रडगाणं तरी कसलं म्हणायचं, रडूच येत नाही.

तुझा,
मोतीराम


।। श्री ।।

मळा, गिरणारे
ता. ३० सप्टेंबर

चि. मोत्यास आशीर्वाद. निम्मेच देते, निम्मे राखून ठेवलेत.

दसरा झाला. माल सगळा उठला. पर दुरड्या उचलताना दाजींची कंबर धरली. पाटावर बसवून उठवायला दोन माणसं लागतात. ते काय आता तुझ्याकडं येत नाय. त्यांना म्हटलं व्यायाम करा, तर म्हणाले मोत्यानं व्यायाम करून काय दिवे लावले.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं अन मग दाजींना वाचून दाखवलं. एकलहऱ्यापर्यंत ऐकू गेलं असंल, कारण मला माझा आवाज कळत नाय.

तू तिचा कोण, असं विचारतोस? मग भिमाजी तुझा कोण होता? त्याचं नाव रेशनकार्डावर होतं का आपल्या? तरी तुझी चव गेलीच ना. मी तुला टोपी धाडली ती कोणत्या नात्यानं धाडली, ते कुणी विचारलं का? तुला दोस्ताचा दुखवटा लागतो, अन त्याच्या बायकोच्या दारात जायचं म्हटलं का नातं लागतं, हा कोणता न्याय? तिच्या भावाला यायची भीती, तुला जायची लाज. मग ती बाई मागच्या दारानंच म्हातारी होणार का?

ऐक. दुखवटा दिवाळीच्या आत निघावा लागतो. नाय निघाला तर माणूस वरीसभर उंबऱ्याबाहेर पडत नाय, तुला हे ठाऊक हाय. जिला भाऊ पोचत नाय, तिला गावातला कुणीबी भाऊ होऊन लुगडं नेसवतो. आपल्या शेजारणीचा नवरा गेला तवा तिला कुणी नेसवलं होतं? तुझ्याच बानं ना? तवा खिडक्या नव्हत्या म्हणून काय झालं, दारं तर होतीच की.

लुगडं पांढरं नको. जांभळं घे, धड सणाचं नाय, धड सुतकाचं नाय. गुळाचा खडा ने. प्रतिभाला संगं ने म्हणजे तुझ्या त्या खिडक्या बी गप बसतील. बोलू नको फार. हाताला धर, बाहेर काढ, चालव. जमंल तेवढं चालव. पाय आखडलेत म्हणतोस ना? तुझे बी आखडलेत, तुझे बुटात हायत म्हणून दिसत नाय एवढंच.

तुझ्या टोपीचं मागून बघू. आधी तिचं कर. दिवाळीच्या आत केलं नाय तर भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको. ओवाळणी मला नको, हे कर.

आक्का

राहिलेले निम्मे आशीर्वाद काम झाल्यावर.


(कार्ड)

एकलहरे
५ ऑक्टोबर

ती. आक्का, शि. सा. न. पत्र पोचलं. प्रतिभाने नाशिक रोडहून जांभळं लुगडं आणलं. गूळ घरात आहे. काल निघालो होतो, त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. कडीला हात लावला आणि परत आलो. दाजींच्या कंबरेला शेक द्यावा.

मोतीराम


।। श्री मारुती प्रसन्न ।।

एकलहरे कॉलनी
शनिवार, १० ऑक्टोबर २००९

ती. सौ. नवसाआक्का हिस,
मोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

आज पहाटे पाचला उठलो. बूट घातले, नाड्या बांधल्या. ओट्यावर बसलो नाही. बसलो की उठत नाही, एवढं आता मला माझ्याबद्दल कळलं आहे. प्रतिभा पिशवी घेऊन बरोबर निघाली. दोघांच्या तोंडाला रुमाल होते. समोरच्या ओळीतले दोघे आपापल्या ओट्यावर बसलेले दिसले. त्यांनी हात केला, मी केला नाही. माझं लक्ष फाटकाकडे होतं.

भिमाजीच्या फाटकाची कडी गंजली आहे. साऱ्या कॉलनीत ही एकच कडी कधी कोणी वाजवली नव्हती, वाजवणारा आतच राहायचा. मी दोनदा हळू वाजवली. तिसऱ्यांदा हात वर जाईना. प्रतिभाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. शेवटी जोरात वाजवली. एवढ्या जोरात की झाडावरचे पक्षी उडाले.

आत भांडं पडलं. मग पुढच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला, पण दार पावसाने फुगलेलं. आतून भागुबाईने ओढलं, बाहेरून मी ढकललं, तेव्हा उघडलं. ती भिंत धरून उभी होती. वाळली आहे. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि म्हणाली की, भाऊ, तुम्ही असाल असं वाटलं नाही, वाजवायची रीत तीच होती, म्हणून भांडं सुटलं हातातून. तिच्या बोलण्यात अजून सटाण्याकडचा हेल आहे.

चहा झालेला होता. आम्ही तिघांनी घेतला. इतक्या जवळ बसून कोणाकडे चहा घेण्याची सवय मोडली होती, म्हणून सुरुवातीला रुमाल वर करायचा की काढायचा, हेच समजेना. भागुबाई म्हणाली, काढा की, ह्या घरातून जायचा तो गेला. मग काढला.

मी एक वाक्य घोकून गेलो होतो, की सटाण्याचा भाऊ येईल तेव्हा येईल, आज मी आलो आहे. ते म्हटलं. दुसरंही एक होतं, ते विसरलो. लुगडं पुढे ठेवलं. ती कितीतरी वेळ त्याच्या घडीवर हात फिरवत बसली. प्रतिभा तिला आत घेऊन गेली. नेसून बाहेर आली तेव्हा मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

आता टोपीचं. प्रतिभाने ती माझ्या नकळत पिशवीत टाकली होती. लुगडं काढताना भागुबाईला दिसली असणार. कोणाची म्हणून तिने विचारलं, प्रतिभाने सगळं सांगितलं, तू काय लिहिलंस तेही. भागुबाई म्हणाली, मग ती ह्याच घरातून जायला पाहिजे. आणि मी नको म्हणायच्या आत तिने ती माझ्या डोक्यावर ठेवली. वाकडी बसली. टोपी पुरुषाने घालायची असते, हे मला ठाऊक आहे. दाजींना म्हणावं, रागावू नका, तुमच्या कंबरेने घोटाळा केला.

हात धरायच्या वेळी पंचाईत झाली. तुला लिहिलं होतं ना, खिडक्यांचं. एक हात प्रतिभाने धरला, दुसरा मी धरला. तिचा पाय उंबऱ्यावर अडला. उचलतच नव्हता. मग मी भिमाजी मैदानावर मोजायचा तसं मोठ्याने मोजायला लागलो, एक, दोन. तिसऱ्याला ती बाहेर आली.

मैदानाच्या कडेने हळूहळू चाललो. समोरचे दोघे ओट्यावरून उठले आणि चार हात अंतर ठेवून मागे आले. बुटांचा तेवढा आवाज होत होता. कडुलिंबापर्यंत पोचलो. तिथे भागुबाई खोडाला टेकली आणि रडली. आम्ही सगळे उभे राहिलो. मारुतीपर्यंत जाणं झालं नाही. शनिवार असून माळ राहिली. देव समजून घेईल, त्याला चालण्यातलं कळतं.

तू विचारशील म्हणून सांगतो, मला रडू आलं नाही. झेंडूच्या वाफ्यात आलं होतं, तसं होईल असं मनात होतं. झालं नाही. मी टोपी सारखी करत उभा होतो. गोधडी अजून डोक्यावरच आहे. घरी आल्यावर जेवताना एवढंच झालं, की आमटी खारट लागली आणि मी तसं म्हणालो. प्रतिभा उठून मोरीकडे गेली आणि तिथे बराच वेळ तांब्या घासत राहिली.

भाऊबीजेला येतो. राखून ठेवलेले निम्मे आशीर्वाद तेव्हा दे. आणि येणाऱ्यांत एक जण जास्तीची धर. तिला शेवंतीचे वाफे पाहायचे आहेत, भिमाजी कुठे पडला होता ते.

आक्का, तू सांगितलेलं काम झालं. भागुबाईचा दुखवटा मी तिचा भाऊ म्हणून काढला. तिला पुढच्या दाराने बाहेर आणलं, पुढच्याच दाराने घरात पोचवलं, आणि निघताना ते दार सताड उघडं ठेवून आलो.

तुझ्या मायेचा,
मोतीराम